पोरसला राज्य परत दिलं, पण क्लिटसचं काय?

युद्धात हरलेल्या पोरस राजाला राज्य परत दिलं म्हणून सिकंदर मोठ्या मनाचा, असं म्हणतात, पण ते अर्धंच पटतं. इससच्या लढाईनंतर इराणचा राजा दारियस याची आई, बायको, मुली हाती लागल्या, त्यांचाही त्याने मान राखला. हरलेल्या शत्रूशी उदारपणे वागणं (टायर शहरासारखे अपवाद सोडून) त्याला जमायचं, पण सोबत्याने तोंडावर बोललेलं खपायचं नाही. ग्रॅनिकसच्या लढाईत सिकंदरावर उगारलेला शत्रूचा हात त्याचा सेनानी क्लिटस याने छाटला, म्हणून सिकंदर वाचला. इ.स.पू. ३२८मध्ये समरकंदच्या मेजवानीत हाच क्लिटस दारूच्या भरात म्हणाला, विजय सैनिकांचे आणि श्रेय तुझं! सिकंदराने पहारेकऱ्याचा भाला हिसकावून त्याला जागीच भोसकलं. मग तीन दिवस अन्नपाणी सोडून रडत बसला म्हणे. सैन्याने काय करावं? क्लिटसलाच दोषी ठरवून राजाची समजूत काढली.