मदत हवी आहे : चांगलं काम करणाऱ्या सदस्याला गटातून काढायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही ९ जण दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत जमून वाचनालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवतो. पगार कुणालाच नाही, सगळं हौसेनं.

आमच्यातला एक जण कोडिंगमध्ये एकदम तयार. निम्मं काम त्याचंच. पण नवीन पोरांना फार लागेल असं बोलतो. मागच्या महिन्यात इचलकरंजीहून येणाऱ्या एका मुलीनं पहिलाच पॅच (कोडमधला छोटा बदल) पाठवला. त्यानं सगळ्यांदेखत "आधी शिकून ये" एवढंच लिहून तो बंद केला. चूक होती फक्त तारखेच्या फॉरमॅटची! ती परत आलीच नाही. मला ते अजून खुपतंय. दोनदा चहाला नेऊन समजावलं, दोन्ही वेळा "बरं" म्हणाला, आठवड्यात पुन्हा तेच.

कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट ही मुक्त सॉफ्टवेअरचे बरेच गट वापरतात ती आचारसंहिता. तिच्या २.० आवृत्तीत वाईट वागणाऱ्यासाठी चार पायऱ्या आहेत : समज, इशारा, तात्पुरती बंदी, मग कायमची. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या जगभर पसरलेल्या प्रकल्पात सदस्याला काढायचा निर्णय खाती सांभाळणारे ठरावीक लोक घेतात. पण तो पसारा मोठा. आमच्यात सगळे एकमेकांचे दोस्त, निर्णय घेणार कोण? मतदान घेतलं तर गट फुटेल अशी भीती वाटते.

माझ्या मते लेखी इशारा देऊन मग ३ महिने बंदी घालावी. पण सर्व्हरचा पासवर्ड एकट्या त्याच्याकडे आहे. आधी तो मागून घ्यावा, की आधी स्पष्ट बोलावं? काढल्यावर कारण बाकीच्यांना किती सांगायचं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा, पुढच्या रविवारी बसायचं ठरलंय.