वर्गात कादंबरी वाचतोय, पण मुलं ठरावीक साच्यातच हळहळतात

खडूफळा
सहावीच्या मुलांना तासाला कादंबरी वाचून दाखवते. सध्या आर. जे. पलासिओची ‘वंडर’ चालू आहे. चेहऱ्यात जन्मजात व्यंग असलेला ऑगी पहिल्यांदाच शाळेत जातो, ती. दुसऱ्याच्या मनात डोकावायची सवय लागावी एवढाच हेतू. पण ‘ऑगीबद्दल काय वाटलं?’ विचारलं की वहीवहीत तेच: ‘मला खूप वाईट वाटले. आपण सर्वांशी प्रेमाने वागावे.’ मधल्या सुट्टीत हीच मुलं वर्गातल्या एकाला खेळायला घेत नाहीत. वर मुख्याध्यापिका विचारतायत, याला गुण कसे देणार? तुम्ही कोणते प्रश्न विचारता?

जुनाबाक
मुलं हुशार आहेत हो. तुम्हाला कोणतं उत्तर हवंय ते त्यांना प्रश्नातच दिसतं. ऑगीबद्दल वाईट वाटायला डोकं लागत नाही, म्हणून ऑगीबद्दल विचारूच नका.

हॅलोविनचा, म्हणजे मुलं सोंगं घेऊन येतात त्या दिवसाचा प्रसंग घ्या. ऑगी ऐनवेळी पोशाख बदलतो, त्यामुळे मुखवट्याआड तो आहे हे कुणालाच कळत नाही. आणि त्याचा मित्र जॅक इतरांसमोर म्हणतो की असा चेहरा असता तर मी जीव दिला असता. इथे पुस्तक मिटा. घाईने पुढे वाचू नका. मग विचारा: जॅक हे नेमकं कुणाला ऐकवतोय? ऑगी तिथे आहे हे माहीत असतं तर बोलला असता का? नसता, तर त्याचं खरं मत कोणतं, हे की रोज वर्गात ऑगीजवळ बसायचं ते? माझ्या वर्गात यावर भांडणं झाली. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “चार जणांत असलं की बोललं जातं.” त्यानंतर कुणी ‘प्रेमाने वागावे’ लिहिलं नाही.

या पुस्तकाची रचनाच तुमच्या कामाची आहे. आठ भाग, निवेदक सहा. जॅकला त्याचा भाग मिळतो, बहीण व्हियालाही मिळतो. भावावर जीव टाकणारी ही मुलगी आपल्या नाटकाची गोष्ट घरात लपवते, कारण नव्या शाळेत ‘त्याची बहीण’ म्हणून ओळख नको असते. मुलींना हे फार लागतं, आणि त्यावर वाईट वाटण्यापलीकडचं बोलावं लागतं. त्रास देणाऱ्या ज्युलियनला मात्र २०१२च्या मूळ पुस्तकात एकही पान नाही. लेखिकेने त्याची बाजू २०१४ साली वेगळी लिहिली. ती वाचून दाखवण्याआधी मुलांकडून ज्युलियनचं एक पान लिहून घ्या. अट एकच: त्याला स्वतःची चूक दिसत नसली पाहिजे.

शंकेखोर
थोडं पाणी ओततो. २०१३ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत किड आणि कास्टानो या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आला होता: साहित्यिक कथेचा थोडा भाग वाचला तरी इतरांच्या मनातलं ओळखणं सुधारतं. मोजमाप कशाचं, तर नुसत्या डोळ्यांचे फोटो बघून भावना ओळखायची. २०१६ साली इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. आयुष्यभर कथा वाचणाऱ्यांचे या चाचणीतले गुण बरे असतात, हे २००६च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण वाचनामुळे तसं होतं की तशी माणसंच वाचतात, हे त्यातून ठरत नाही. तेव्हा एका कादंबरीने मधली सुट्टी सुधारेल ही आशा सोडा. त्या मुलाला खेळात घेतलं जावं हे तुम्हाला थेटच बघावं लागेल.

जुनाबाक
मान्य. आणि वाचताना त्या मुलाकडे चुकूनही बघू नका. ‘आपल्या वर्गातही असं होतं ना?’ हा प्रश्न तर नकोच. सगळ्या माना त्याच्याकडे वळतात, आणि त्याचा दिवस संपतो.

खडूफळा
हे पटलं. गुणांचं काय करू?

जुनाबाक
सहानुभूतीला गुण दिलेत की तिचं नाटक सुरू होतं. कागद लागणारच असेल तर मुलाने आपलं म्हणणं पुस्तकातल्या कोणत्या वाक्यावरून काढलं तेवढं नोंदवा. ते वाचनाचं मूल्यमापन झालं, मुख्याध्यापिकांनाही चालेल.

खडूफळा
ज्युलियनचं पान जॅकच्या भागाआधी की नंतर?

जुनाबाक
नंतर. जॅक वाचला की चुकणारा माणूस आतून कसा बोलतो ते कानाला कळलेलं असतं. आधी दिलंत तर सगळे त्याला राक्षस करतील.