एका मोबाईलवर तीन ईमेल खाती: मेल येतं, पण जात नाही

प्रश्न: अँड्रॉइडवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये दोन जीमेल आणि ऑफिसच्या डोमेनचं एक आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) खातं आहे. ऑफिसचं मेल येतं, पण पाठवलेलं आउटबॉक्समध्येच अडकतं. शिवाय भलत्याच पत्त्यावरून मेल जाण्याची धास्ती आहे. काय करावं?

प्रतिसाद १: येतंय म्हणजे आयमॅप (पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, ९९३) ठीक आहे, घोळ एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवायच्या व्यवस्थेत. सेटिंग्जमध्ये ते खातं उघडून आउटगोइंग सेटिंग्ज बघा. पोर्ट ५८७ ला स्टार्टटीएलएस, ४६५ ला एसएसएल/टीएलएस (दोन्ही कनेक्शन सुरक्षित करायचे प्रकार). ही जोडी उलटली की कनेक्शनच होत नाही. पोर्ट २५ च्या वाटेला जाऊ नका, बरेच नेटवर्कवाले ते अडवतात. युजरनेम म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो. पासवर्ड बदलला असेल तर इनकमिंग आणि आउटगोइंग, दोन्हीकडे नवा टाका. दुसरीकडचा हमखास राहून जातो.

प्रतिसाद २: आलेल्या मेलला उत्तर देताना भलत्या पत्त्याची काळजी नको. ‘सर्व इनबॉक्स’मधून दिलं तरी ते ज्या खात्यावर मेल आलं त्याच खात्यावरून जातं. गफलत होते ती नवं मेल लिहिताना. प्रेषकाच्या ओळीतला बाण दाबून पत्ता निवडा. प्रत्येक खात्याला वेगळी मोबाईल सही ठेवा. नोटिफिकेशनही खात्यानुसार बंद करता येतात.

प्रतिसाद ३: आणि खातं पुन्हा जोडायची वेळ आलीच, तर पीओपी३ (मेल फोनवर उतरवून घ्यायची पद्धत) निवडू नका. सेटिंग चुकलं तर मेल फोनवर उतरून सर्व्हरवरून पुसलं जातं, मग लॅपटॉपवर शोधत बसा.

प्रश्नकर्ता: ४६५ ला स्टार्टटीएलएस होतं. बदललं, अडकलेली मेलं गेली.