‘मरणोत्तर’ हे विशेषण नेमके कोणाचे?

प्रश्न : पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावर लेख घेतला आहे. मथळ्याखाली ‘मरणोपरांत शौर्याबद्दल परमवीर चक्र विजेते’ अशी ओळ सुचवली गेली आहे. ती योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : ‘मरणोपरांत’ अशुद्ध नाही, परंतु मराठीत तो मुख्यतः हिंदी बातम्यांच्या वाटेने आला आहे. ‘नंतरचा’ हा अर्थ समासात ‘उत्तर’ या पदाने सांगण्याची आपली रीत स्वातंत्र्योत्तर, युद्धोत्तर, पदव्युत्तर अशा शब्दांत पक्की झालेली असताना ‘मरणोत्तर’ सोडण्याचे कारण दिसत नाही.

खरी अडचण शब्दाच्या जागेची आहे. ‘मरणोत्तर’ हे सन्मानाचे विशेषण आहे. ते शौर्याला चिकटवले की पराक्रमच मरणानंतर घडला असा अर्थ होतो. पुण्यातच जन्मलेले आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या रणगाड्यातून लढत होते. रणगाड्याने पेट घेतल्यावर तो सोडण्याचा आदेश मिळूनही, तोफ चालते आहे तोवर त्यांनी लढणे थांबवले नाही. त्या वेळी ते अवघे २१ वर्षांचे होते. शौर्य हे त्या क्षणांचे, चक्र मात्र नंतरचे. म्हणून ‘शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र’ हाच क्रम हवा. ‘विजेते’ऐवजीही ‘मानकरी’ लिहावे, कारण शौर्यपदक ही काही जिंकायची स्पर्धा नव्हे.

शंका : सन्मानित व्यक्ती आज हयात नसेल, तर सरसकट ‘मरणोत्तर’ म्हणता येईल का?

उत्तर : नाही. सन्मान जाहीर झाला त्या वेळी व्यक्ती हयात होती की नव्हती, एवढेच पाहायचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट काढून देणारे रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र जिवंतपणी मिळाले आणि त्यांचे निधन १९९४ मध्ये पुण्यात झाले. त्यांच्या नावापुढे ‘मरणोत्तर’ लिहिणे ही तपशिलाची चूक ठरेल. याउलट, मेजर सोमनाथ शर्मा नोव्हेंबर १९४७ मध्ये बडगाम येथे धारातीर्थी पडले, तेव्हा हे पदकच अस्तित्वात नव्हते; ते २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आले. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांचा सन्मान मरणोत्तर आहे.

शंका : लेखात ‘शहीद’ लिहावे की ‘हुतात्मा’?

उत्तर : दोन्ही शब्द रूढ आहेत, पण सैन्याच्या अधिकृत परिभाषेत ‘शहीद’ ही संज्ञा नाही. ‘हुतात्मा’ म्हटले की मराठी वाचकाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले निःशस्त्र लोकही आठवतात. रणांगणावरील मृत्यूसाठी ‘वीरमरण आले’ किंवा ‘धारातीर्थी पडले’ हे प्रयोग मला अधिक नेमके वाटतात. बखरीतले ‘कामी आले’ही सुंदर आहे, मात्र आजच्या वाचकाला ते कोरडे वाटण्याचा संभव आहे. आपल्या अंकासाठी ‘बसंतरच्या लढाईतील शौर्याबद्दल परमवीर चक्राचे मरणोत्तर मानकरी’ ही ओळ पुरेशी आहे. नावाआधी हुद्दा असू द्यावा, ‘कै.’ लावू नये.