जखमेतून पू येतो आहे, पण सर्जनने संसर्ग लिहिलेला नाही, टी८१.४१ (ऑपरेशननंतरच्या जखमेच्या वरवरच्या संसर्गाचा आयसीडी-१०-सीएम निदानकोड) लावावा का?

प्रश्न:
आमच्याकडे अमेरिकेतील रुग्णालयांचे इनपेशंट चार्ट निदानकोड लावण्यासाठी येतात. अपेंडिक्सच्या ओपन ऑपरेशननंतर नवव्या दिवशी एक रुग्ण पुन्हा दाखल झाला. सर्जनच्या नोंदीत ‘जखमेभोवती लाली, टाक्यांतून पू, दोन टाके काढले, व्हँकोमायसिन सुरू’ (हे प्रतिजैविक) एवढेच आहे. कल्चरमध्ये (जंतुतपासणीत) एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू) आला आहे आणि संसर्ग नियंत्रण विभागाच्या तक्त्यावर ‘सुपरफिशियल एसएसआय’ (ऑपरेशनच्या जागेचा वरवरचा संसर्ग) अशी नोंद आहे. डिस्चार्ज समरीत मात्र ‘वूंड ड्रेनेज’ (जखमेतून स्राव) याखेरीज निदान नाही. एवढ्यावर टी८१.४१एक्सए (सक्रिय उपचार सुरू असतानाचे या कोडचे रूप) लावता येईल का?

उत्तर १:
लावू नये, क्वेरी करावी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारावे. संसर्ग आणि ऑपरेशन यांचा कार्यकारणसंबंध उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच नोंदवावा लागतो. लॅबच्या अहवालावरून निदान ठरवणे हे कोडरचे काम नाही. संसर्ग नियंत्रणाचा तक्ता तर सर्वेक्षणासाठी असतो. त्यातील वरवरच्या संसर्गाची ऑपरेशनपासून ३० दिवसांची मुदत ही सीडीसीची (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची) व्याख्या आहे, कोडला तशी मुदत नाही, आणि हे दोन्ही एकच समजल्यामुळे ऑडिटमध्ये बरेच चार्ट परत येतात. क्वेरीत ‘हा एसएसआय आहे ना?’ असे विचारू नये. पू, कल्चर आणि व्हँकोमायसिन यांचा उल्लेख करून संबंधित निदान कोणते, संसर्ग असल्यास तो कोणत्या थरापर्यंत आहे आणि त्याचा ऑपरेशनशी संबंध आहे का, एवढेच विचारावे. ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हे पर्यायही ठेवावेत.

उत्तर २:
थर विचारणे महत्त्वाचे आहे, कारण ऑक्टोबर २०१८ पासून टी८१.४ खोलीनुसार विभागलेला आहे. टाक्याचा गळू टी८१.४१ मध्ये, स्नायूतील गळू टी८१.४२ मध्ये आणि पोटाच्या पोकळीतील गळू टी८१.४३ मध्ये येतो. खोली न कळल्यास टी८१.४० उरतो, पण क्वेरी न करताच तो लावणे मला आळशीपणाचे वाटते. सर्जनने वरवरचा संसर्ग आणि एमआरएसए मान्य केल्यास आधी टी८१.४१एक्सए, मग बी९५.६२ (एमआरएसए जंतूचा कोड) द्यावा. संसर्ग दाखल होतानाच होता, म्हणून पीओए (निदान दाखल होताना होते का, हे सांगणारी खूण) ‘वाय’, म्हणजे होय. सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर उमटणारी गंभीर प्रतिक्रिया) नोंदवला असेल, तर संसर्गाच्या जागेच्या कोडनंतर टी८१.४४ (ऑपरेशननंतरचा सेप्सिस) आणि त्यानंतर सेप्सिसचा कोड येतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सिझेरियनच्या जखमेलाही हेच कोड चालतील का?

उत्तर २:
नाही. तेथे ओ८६.०१ ते ओ८६.०३ (प्रसूतीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेच्या संसर्गाचे कोड) पाहावेत; थरांची विभागणी तशीच आहे.