मदत हवी आहे: बाबांचा आयएनआर आणि पावसाळी भाज्या

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. बाबांची हृदयाची झडप बदललीय, रोज वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा तपासणीतला आकडा) 2.5 ते 3.5 हवा, परवा आला 1.6! गोळी एकही चुकलेली नाही. मग आई म्हणाली, पाऊस लागल्यापासून टाकळा नाहीतर शेवग्याचा पाला, वर खोबरं, रोजच. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या उलट काम करतं, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी डोस वाढवलाय. भाजी बंद नको, प्रमाण सारखं ठेवा म्हणाले. तुम्ही पावसात हे कसं जमवता? वाटीने मोजता?

आणि हो, बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी सापडली, गुडघ्यासाठी म्हणे! त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. असल्या हट्टी माणसाला कसं समजवायचं?