सोने शोधण्यासाठी पहिला मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

ओढ्याकाठच्या लोहयुक्त मातीत सोन्याचे बारीक तुकडे शोधण्यासाठी मला डिटेक्टर घ्यायचा आहे. शोधकामाची परवानगी मिळालेली आहे. नाणी शोधण्याचा, कमी वारंवारतेचा उसना डिटेक्टर वापरून पाहिला, पण ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा आवाज टाळण्याची जुळणी) पुन्हा पुन्हा करूनही कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, काळ्या वाळूवर (लोहखनिजाच्या जड कणांवर) आली की तो वाजतच राहतो, आणि संवेदनशीलता उतरवली की चाचणीसाठी ठेवलेला तांदळाच्या दाण्याएवढा शिशाचा तुकडाही त्याला लागत नाही. पल्स इंडक्शन (विजेचे छोटे ठोके सोडून धातू ओळखणारे) यंत्र अशा जमिनीत सरस, हे मान्य. ते मात्र ऐपतीबाहेर आहे. त्यामुळे ४५ किलोहर्ट्झचा, स्वतःच जमिनीशी जुळवून घेणारा गोल्ड मॉन्स्टर १००० आणि ७१ किलोहर्ट्झचा, हाताने जुळवावा लागणारा गोल्ड बग २ यांत निवड अडली आहे. काळ्या वाळूत नवशिक्याच्या हातात यांपैकी कोणता अधिक शांत चालतो?